घरच्या काप्रावला गाड्यावरचा तो वास का येत नाही?

अबोली

नमस्कार मंडळी. दीड वर्ष झालं बँकॉकमध्ये आहे, नोकरीसाठी. आमच्या सोयच्या (इथे गल्लीला सोय म्हणतात) तोंडाशी एक गाडा लागतो, चालवणारी बाई साठीच्या घरातली, तिला सगळे 'पा' म्हणतात म्हणजे आईबापाची थोरली बहीण, म्हणून मीही पा म्हणते. तिच्या हातचं फत काप्राव काय मी आठवड्यातून तीनदा तरी खाते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फत म्हणजे मोठ्या आचेवर परतणं, काप्राव म्हणजे त्यात घालायची सुगंधी पानं, आणि काय म्हणजे चिकन. हो, थाईत कोंबडीला 'काय'च म्हणतात, मला पहिले दोन महिने दर वेळी वाटायचं की समोरचा काहीतरी विचारतोय.

तर आता घरी करायला घेतलंय. पाच वेळा केलं आणि पाचही वेळा तेच, चिकनला पाणी सुटतं, मग ते त्या पाण्यात शिजत बसतं, पानं काळी पडतात आणि शेवटी नुसता सोया सॉसचा वास येतो. खाण्यासारखं होतं, वाईट नाही, पण ते काप्राव नाही. पा कडे उभं राहिलं की खोकला येतो, डोळ्यात पाणी येतं आणि त्याच वेळी भूक खवळते, तसलं माझ्या स्वयंपाकघरात एकदाही झालं नाही.

मी असं करते: ५०० ग्रॅम चिकन खिमा, लसूण मिरची मिक्सरमधून काढून, तेलात सगळं एकदम, त्यावर सॉस, मग पानं आणि झाकण ठेवून ५ मिनिटं. शेगडी विजेची आहे, कॉन्डोत गॅस नाही. कुठे चुकतंय सांगा, अगदी स्पष्ट सांगितलं तरी चालेल.

फटकळ

स्पष्ट सांगू ना? झाकण. झाकण काढून फेक आधी. परतायच्या पदार्थावर झाकण ठेवलंस की तो वाफवलेला पदार्थ झाला, वाफेचं पाणी परत आतच पडतं आणि पानांचा सगळा वास झाकणाला चिकटून जातो. आणि ५ मिनिटं?? पानांना ५ मिनिटं?? १० सेकंद पुरतात गं.

बल्लव

फटकळशी सहमत, पण झाकण ही शेवटची चूक आहे, पहिली चूक ५०० ग्रॅम. विजेच्या शेगडीवर अर्धा किलो गार खिमा एकदम टाकला की तवा त्याच क्षणी थंड पडतो. मांसातलं पाणी बाहेर येतं पण उडून जायला उष्णता नसते म्हणून ते साचतं, आणि जोवर तळाला पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या वर जातच नाही. मांस खरपूस व्हायला, तो भाजल्याचा रंग आणि वास यायला साधारण १४० अंश तरी लागतात. म्हणजे तुझं चिकन उकडतंय, भाजलं जात नाहीये. तुझ्या पा कडे मोठा गॅस असणार, ज्वाळा कढईच्या कडेपर्यंत येत असतील, तिला हा प्रश्नच नाही.

तू असं कर. एका वेळी १५० ग्रॅम, फार तर २०० ग्रॅम. चिकन फ्रीजमधून १५-२० मिनिटं आधी काढ आणि कागदाने टिपून घे. तळ सपाट असलेला जाड लोखंडी तवा किंवा बिडाचा पॅन घे, गोल बुडाची कढई विजेच्या शेगडीवर कामाची नाही कारण टेकते तेवढीच तापते. पॅन रिकामाच चांगला तापव, मग तेल. (नॉनस्टिक असेल तर रिकामा तापवू नकोस, तो लेप फार तापवायचा नसतो.) चिकन टाकलं की पसरव आणि हात मागे घे! ३०-४० सेकंद अजिबात हलवू नकोस, खालची बाजू तांबूस होऊ दे, मग उलथ. आपल्याला सारखं ढवळत राहायची सवय असते, वाटतं ढवळलं की काळजी घेतली, पण इथे न ढवळणं हीच काळजी.

कवडसा

वाचतेय. मलाही हाच प्रॉब्लेम आहे.

नदीकाठ

अबोली, मी बँकॉकमध्ये अकरा वर्षं काढली, थोनबुरीच्या बाजूला, त्यामुळे हा विषय जवळचा आहे. बल्लव यांनी आचेचं सांगितलं ते बरोबर, पण तू ज्या वासासाठी जीव टाकतेयस त्याचा निम्मा भाग तर मिक्सरने मारला.

लसूण आणि मिरची ख्रोकमध्ये, म्हणजे दगडी खलात, कुटायची. बाजारात दोन तऱ्हेचे ख्रोक दिसतील, मातीचा खोल असतो लाकडी बत्त्याचा, तो सोमतामसाठी म्हणजे कच्च्या पपईच्या सॅलडसाठी, तो नको. ग्रॅनाइटचा जड घे. ६-७ पाकळ्या लसूण, ५-६ फ्रिक खी नू (ती बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी, तिखटजाळ मिरची, नावाचा अर्थ उंदराची लेंडी आहे, आकारावरून पडलंय), वर एक-दोन मोठ्या लाल मिरच्या रंगाला आणि वासाला, चिमूटभर मीठ. कुटताना बारीक वाटण करायचं नाही, भरडच. लसणाचे तुकडे दिसले पाहिजेत, मिरचीची साल दिसली पाहिजे. मिक्सरमध्ये लगदा होतो, त्याला पाणी सुटतं, तेलात पडला की तडतडून उडतो, तळाला चिकटतो आणि करपतो. भरड कुटलेलं मात्र तेलात मोकळं होऊन तळलं जातं.

आणि एक, हे भरड तेल धुरावल्यावर टाकायचं नाही. तेल मध्यम तापलेलं असताना टाकायचं, १५-२० सेकंदात लसणाच्या कडा पिवळसर झाल्या की चिकन. लसूण तपकिरी झाला की कडवटपणा येतो, मग त्यावर कितीही साखर घाला, जात नाही. खोकला कधी यायला पाहिजे माहितीये? ह्या पंधरा सेकंदात. थाईत त्या नाकात चढणाऱ्या उग्र वासाला 'छुन' म्हणतात, आणि आमच्या शेजारच्या काकू म्हणायच्या की शेजारी शिंकला नाही तर काप्राव झालंच नाही.

बल्लव

नदीकाठ, छान सांगितलंत. इथे एक जुळवून घ्यावं लागेल, मी वर पॅन कडक तापवायला सांगितलं आणि तुम्ही मध्यम म्हणताय, दोन्ही खरं आहे पण कमी ताकदीच्या शेगडीवर दोन्ही एकाच दमात जमत नाही. मी घरी उलटं करतो: कडक पॅनमध्ये आधी चिकन भाजून ताटलीत काढतो, मग आच कमी करून त्याच पॅनमध्ये थोडं तेल आणि लसूण-मिरची, वास सुटला की चिकन परत आत. पारंपरिक क्रम नाही, पण पाणी सुटत नाही आणि लसूणही जळत नाही.

नदीकाठ

हे आवडलं. कॉन्डोसाठी हेच योग्य.

फटकळ

खिडकी उघडी ठेवा हे कोणी सांगितलंच नाही. मिरचीचा धूर ही गंमत नाहीये. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या सोहो भागात एका थाई रेस्टॉरंटात नाम फ्रिक पावसाठी (भाजलेल्या मिरच्यांची थाई चटणी) ढीगभर मिरच्या भाजत होते, तर आजूबाजूच्या लोकांना वाटलं रासायनिक हल्ला झाला, रस्ते बंद केले आणि अग्निशमनवाल्यांनी दार फोडून आत जाऊन मिरच्यांचं भांडं बाहेर काढलं. दमा असलेलं कोणी घरात असेल तर त्यांना खरंच दुसऱ्या खोलीत बसवा.

कवडसा

पानांबद्दल विचारायचंय. मी जिथे राहते तिथे पाकिटावर 'थाई बेसिल' लिहिलेलं मिळतं, जांभळ्या देठाचं, बडीशेपेसारखा वास. हेच का काप्राव?

पानफूल

नाही! आणि ह्याच एका गोंधळापायी अर्ध्या जगाला काप्रावचा खरा वास माहीत नाही, मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. थाई स्वयंपाकात ह्या घराण्यातली तीन पानं आहेत आणि तिघांची कामं वेगळी.

तू म्हणतेस ते होराफा. पान गुळगुळीत चकचकीत, देठ जांभळा, वास बडीशेपेच्या अंगाचा. हिरव्या करीत शेवटी घालतात ते हेच. दुसरं मेंगलक, पान फिकं आणि नाजूक, लिंबासारखा वास, ते रश्श्यात वगैरे जातं. आणि तिसरं काप्राव. ह्याचं पान खरबरीत, कडा दातेरी, देठावर बारीक लव, आणि वास लवंग-मिरीच्या जातीचा, नाकात चढणारा. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात ही तुळसच आहे, तीच प्रजाती, ऑसिमम टेन्युइफ्लोरम. लवंगेत जे युजेनॉल असतं तेच ह्यातही असतं, म्हणून तो वास ओळखीचा वाटतो.

ह्यातही दोन, काप्राव खाव म्हणजे पांढरा (दिसायला हिरवाच) आणि काप्राव देंग म्हणजे लाल, त्याचे देठ आणि शिरा जांभळट. लालचा वास जास्त उग्र.

फटकळ

मग तुळसच घालावी की, भानगड कशाला.

पानफूल

प्रजाती एक असली तरी वाण वेगळे, फटकळ. एका प्रजातीच्या दोन वाणांत सुगंधी तेलांचं प्रमाण बरंच वेगळं असू शकतं. मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून चुरडून पाहिलीत, आपल्या नेहमीच्या तुळशीचा वास जास्त औषधी आणि पान थोडं चिवट, थाई वाणात मिरीचा झणका पुढे येतो आणि पान शिजून पटकन मऊ होतं. तरी होराफापेक्षा तुळस काप्रावच्या जास्त जवळची हे माझं मत. कवळी पानं घ्यायची, मंजिऱ्या काढून, आणि थाई मापाच्या निम्मीच घालायची, नाहीतर काढा होतो. काहीच मिळालं नाही तर होराफा घाला आणि वरून ताजी मिरपूड, चांगला लागतो तो पदार्थ, फक्त त्याला फत होराफा म्हणा. तोही थायलंडमध्ये खातातच, त्यात कमीपणा काही नाही.

अबोली

थांबा थांबा, मी आत्ता फ्रीज उघडून बघितलं आणि मी इतके दिवस होराफा आणतेय!! सुपरमार्केटात दोन्ही शेजारी असतात आणि मला थाई वाचता येत नाही. चकचकीत पान, जांभळा देठ, बडीशेप. पाच वेळा. म्हणजे वास येणार कुठून.

नदीकाठ

अगं ह्यात तुझी काय चूक, नावाच्या पाट्या थाईत आणि पानं दुरून सारखी. उद्या सकाळी लवकर खलोंग तेयच्या बाजारात जा, पालेभाज्यांच्या ओळीत जुड्या लावलेल्या असतात, एक पान खुडून बोटात चुरड आणि हुंग, नाकात लवंग गेली की तेच. फुलांचे तुरे आलेले असले तर घाबरू नकोस, तुऱ्यांनाही वास असतो, इथले कितीतरी जण कवळे तुरे टाकतातच. आणि धुतल्यावर पूर्ण कोरडी कर, ओली पानं पॅनमध्ये पडली की पुन्हा पाणी.

पानं किती? दोन माणसांच्या मापाला गच्च भरलेली एक ओंजळ. तुला जास्त वाटेल, तरी घाल. ती आक्रसून चमचाभर होतात.

शेवंती

सॉसचं माप सांगा ना कोणीतरी, प्रत्येक रेसिपीत वेगळं असतं.

नदीकाठ

मी ३०० ग्रॅम चिकनला धरते ते असं (दोन घाण्यांत भाजायचं मात्र): नाम प्ला म्हणजे फिश सॉस १ टेबलस्पून, ऑयस्टर सॉस १ टेबलस्पून, पातळ सोया सॉस १ टीस्पून, काळा दाट सोया अर्धा टीस्पून, तो फक्त रंगाला, साखर १ टीस्पून. हे सगळं आधीच वाटीत एकत्र करून हाताशी ठेव, कारण एकदा सुरू झालं की बाटल्यांची झाकणं उघडायला वेळ नसतो. चिकनमध्ये ओतलं की अर्धा मिनिट, सॉस आटून चिकनला लागला पाहिजे, आणि मग २-३ चमचे पाणी किंवा स्टॉक, बस. खाली थोडासा रस राहायला हवा, तो भातात उतरतो. रात खाव म्हणतात ना, भातावर घातलेलं, ते त्या रसासाठीच. मग आच बंद, पानं आत, दोन वेळा वरखाली, ताटात. पानं पॅनच्या उरलेल्या उष्णतेवरच मऊ होतात, त्यांना आच नको.

फिश सॉस थेट कपात हुंगून नाक मुरडू नका कृपया. मासळी आणि मीठ वर्ष-दीड वर्ष मुरवून काढलेलं पाणी आहे ते, गरम पॅनच्या कडेवरून सोडलं की त्याचा उग्रपणा जातो आणि नुसता खमंगपणा राहतो.

फटकळ

ऑयस्टर सॉस मला पटत नाही. सगळं गोडसर चिकट होतं. नुसती नाम प्ला आणि चिमूट साखर, मग लसूण मिरची पान ह्यांची चव स्वच्छ कळते. ऑयस्टर सॉस चिनी स्वयंपाकातून आलाय.

बल्लव

कढई आणि परतणंसुद्धा चिनी स्थलांतरितांबरोबरच आलं, आणि मिरची तर मूळची अमेरिका खंडातली, ती पोर्तुगीजांच्या व्यापारानंतर तिकडे पोचली. मग काय काय काढणार? पण तुमची चव मला कळते, मीही मांस ताजं असेल तेव्हा ऑयस्टर सॉस निम्मा करतो.

कवडसा

आणि शेंगा? मी खाल्लं त्यात चवळीच्या लांब शेंगांचे तुकडे होते, कांदाही होता.

नदीकाठ

ह्यावर थायलंडमध्ये घराघरांत वाद आहेत हो. थुआ फाक याव, म्हणजे त्याच लांब शेंगा, बऱ्याच गाड्यांवर घालतात, आणि त्यावर चिडणारी माणसंही तितकीच. म्हणतात भर घालून मांस वाचवलं. कांदा आणि बेबीकॉर्नचा तर जास्तच राग. मी स्वतः शेंगा घालते, मूठभर, अगदी बारीक चिरून, चिकनबरोबरच भाजायच्या, दाताखाली कुरकुरतात ते मला आवडतं. कांदा नाही, त्याला पाणी सुटतं आणि गोडी येते.

शेवंती

आमच्याकडे चिकन चालत नाही, टोफूचं होईल का?

बल्लव

उत्तम होतं. घट्ट टोफू घ्या, वजन ठेवून पाणी काढा, हाताने कुस्करा आणि खिम्यासारखाच खरपूस भाजा, जोडीला बारीक चिरलेले मश्रूम, पण ते वेगळे भाजून, त्यांना भरपूर पाणी असतं. फिश सॉसच्या जागी पातळ सोया आणि थोडं मीठ, ऑयस्टर सॉसच्या जागी मश्रूमचा सॉस मिळतो. थायलंडमध्ये हॉटेलात मागायचं असेल तर एक लक्षात ठेवा, तिथे 'जे' म्हणून जे शाकाहारी जेवण असतं त्यात लसूणही नसतो, म्हणजे 'जे' मागितलंत तर बिनलसणीचं काप्राव येईल.

आणि चिकनवाल्यांनो, छातीचं नको, मांडीचं घ्या. तयार खिमा फार बारीक असतो, त्याचा गोळा होतो. सुरीने घरीच तोडा, वाटाण्याएवढे असमान तुकडे, काही बारीक काही मोठे. पाच मिनिटांचं काम आहे आणि फरक पहिल्या घासाला कळतो.

अबोली

मंडळी, केलं!! आजच. सकाळी खलोंग तेयला गेले, पानं चुरडून हुंगली, लाल काप्रावची जुडी आणली आणि ग्रॅनाइटचा ख्रोकही घेतला, टॅक्सीत मांडीवर धरून आणला इतका जड आहे.

संध्याकाळी मुद्दाम आधी पा कडे जाऊन नीट बघत उभी राहिले. इतके दिवस खात होते पण बघितलं आज. ती सॉस चमच्याने मोजत नाही, पळीचं टोक बाटल्यांच्या ओळीवरून जातं, प्रत्येकात टेकतं आणि सरळ कढईत. पानं चिरत नाही, जुडी डाव्या हातात धरून उजव्या हाताने वरून खाली ओरबाडते, देठ बाजूच्या टोपलीत. आणि पानं पडतात तेव्हा तिचा दुसरा हात गॅसच्या खटक्यावर असतो, पानं आत आणि गॅस बंद, एकाच वेळी. मी खुणेने पानांकडे बोट दाखवलं तर तिने एक पान माझ्या तळहातावर ठेवलं, त्यावर दुसरा तळवा घासायला लावला आणि हात माझ्याच नाकाशी नेला. मला थाई येत नाही, तिला इंग्रजी येत नाही, पण कळलं सगळं.

घरी १५० ग्रॅमचे दोन घाणे केले, बल्लव दादांच्या क्रमाने. चिकन टाकल्यावर चर्रर्र आवाज शेवटपर्यंत टिकला, मंदावला नाही, पहिल्यांदाच असं झालं. लसूण-मिरची पडली आणि मला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी, मी खिडकीपाशी उभी आणि मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. पानं हिरवी राहिली. नवरा लिफ्टमधून बाहेर पडला तेव्हा त्याला वाटलं मी खालून पार्सल आणलंय.

एकच राहिलं, अंडं. पा च्या अंड्याची कड जाळीदार कुरकुरीत असते आणि पिवळा बलक पातळ, माझं साधं हाफ फ्राय झालं.

नदीकाठ

वाचून डोळे भरून आले गं. पा ला माझा नमस्कार सांग.

खाय दाव ते, शब्दशः 'तारा अंडं'. त्याला तेल जास्त लागतं, पॅनमध्ये बोटाच्या अर्ध्या पेराइतकं तरी. तेल चांगलं कडक तापू दे, अंडं आधी वाटीत फोड आणि कडेजवळून हळूच सोड, लगेच फुगून फेस येतो. चमच्याने गरम तेल पांढऱ्यावर उडव, बलकावर नको. मिनिटभरात कड तपकिरी होते, काढ. अंडं आणि वाटी दोन्ही कोरडी हवी, नाहीतर तेल अंगावर उडतं. आणि हे अंडं काप्रावच्या आधी करून ठेव, नंतर नाही, काप्राव वाट बघत नाही.

बरोबर छोट्या वाटीत फ्रिक नाम प्ला: २ टेबलस्पून फिश सॉस, ३-४ मिरच्या गोल चकत्या करून, एक पाकळी लसणाचे पातळ काप, अर्ध्या लिंबाचा रस. बलक फोडायचा आणि त्यावर हे चमचाभर.

फटकळ

आता ५०-६० बातची ताटली घरी होतेय म्हणून पा कडे जाणं बंद करू नकोस म्हणजे झालं.

अबोली

छे छे, उद्याच जाणार आहे. तिला माझ्या डब्यातलं चाखवायचंय.

कवडसा

मला बाजारात शेवटी लाल काप्राव मिळालं, पण एकदम मोठी जुडी घ्यावी लागली. पानं काढल्यावर इतके देठ उरलेत, फेकवत नाहीत.

पानफूल

फेकू नकोस! फुलं न आलेले, बोटभर लांबीचे शेंडे निवड, वरची दोन-तीन पानं ठेवून खालची काढ, आणि पेल्यात पाणी घालून उजेडात ठेव, थेट कडक उन्हात नको. पाणी दिवसाआड बदल. आठवडा-दहा दिवसांत पांढरी मुळं दिसायला लागतील, मग कुंडीत लाव. सगळे जगणार नाहीत, म्हणून सात-आठ ठेव. तुरे यायला लागले की खुडत जा म्हणजे पानं येत राहतात.

कवडसा

ठेवले. नऊ शेंडे, खिडकीत.